खडीचा रस्ता, थंड सरोवर

कॅनडाच्या युकॉनमध्ये व्हाइटहॉर्सहून अलास्का हायवेने आग्नेयेला साधारण १३० किलोमीटर गेलं, की टेस्लिन नदीवरच्या पुलाशी जॉन्सन्स क्रॉसिंग लागतं. तिथे डांबर सोडून उत्तरेकडे निघणारा खडीचा रस्ता म्हणजे साउथ कॅनॉल रोड. रॉस रिव्हर या छोट्या वस्तीपर्यंत तो सुमारे २२० किलोमीटर जातो. मधल्या सगळ्या अंतरात पेट्रोल पंप नाही, दुकान नाही, गॅरेज नाही आणि फोनला रेंजही नाही. ७७व्या किलोमीटरच्या आसपास क्वाएट लेकच्या दक्षिण टोकाला सरकारी कॅम्पग्राउंड आहे, आणि तिथून आणखी वीस-बावीस किलोमीटरवर उत्तर टोकाला दुसरं. बिग सॅमन नदीचा उगम इथल्याच सरोवरांच्या माळेत आहे. त्यामुळे कनू म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी घेऊन आठवडा-दीड आठवडा नदीतून जाणारी माणसंही इथूनच पाण्यात उतरतात.

इतक्या उत्तरेला मुक्काम करण्याविषयी लिहायचं तर मला सगळ्यात आधी एकच सांगावंसं वाटतं. इथे बिघडलेलं काहीही लवकर भरून येत नाही. टायर फाटला तर दुसरा मिळायला दिवस जातो. तुडवलेलं लायकेन म्हणजे दगडफुलासारखी वनस्पती वर्षाला चार-पाच मिलिमीटरच वाढतं. गळाला लागलेला मोठा लेक ट्राउट मासा वीस-तीस वर्षांचा असू शकतो. ओल्या कपड्यांत गारठलेल्या माणसाला ऊब यायला तासन्‌तास लागतात. तयारीचं जे काही शास्त्र आहे, ते या सावकाशपणातून आलेलं आहे, आणि ते कळलं की सामानाची यादी पाठ करावी लागत नाही.

हा रस्ता मुळात सहलीसाठी झालाच नव्हता. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४४ या काळात, अमेरिकन लष्कराने नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधल्या नॉर्मन वेल्सच्या विहिरींचं तेल व्हाइटहॉर्सच्या रिफायनरीपर्यंत आणण्यासाठी पाइपलाइन टाकली. तिच्या सोयीसाठी हा रस्ता डोंगरांतून काढला. तेल जेमतेम वर्षभर वाहिलं आणि १९४५मध्ये सगळा प्रकल्प बंद झाला. रिफायनरी पुढे उचलून अल्बर्टात नेली. मागे उरला तो अरुंद रस्ता, त्यावरचे एकेरी पूल आणि कडेला गंजत पडलेले लष्करी ट्रक. म्हणूनच त्याची वळणं आजच्या हायवेसारखी आखलेली नाहीत. चढ अचानक येतात, उतारावर पुढचा पूल शेवटच्या क्षणी दिसतो, आणि दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला थांबावंच लागतं. हिवाळ्यात हा रस्ता बंद असतो. उन्हाळ्यातही पावसाने कडा वाहून गेल्या की काही काळ बंद ठेवतात, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी ५११ युकॉन या सरकारी माहिती सेवेवर रस्त्याची स्थिती पाहिल्याशिवाय व्हाइटहॉर्स सोडू नये. आदल्या आठवड्याची माहिती उपयोगाची नसते.

आता टायर. माझ्या मते या प्रवासातला सगळ्यात मोठा निर्णय हाच आहे, तंबू किंवा स्लीपिंग बॅगपेक्षाही मोठा. शहरी गाडीला येणाऱ्या टायरची बाजूची भिंत पातळ असते. खडीच्या रस्त्यावर टायर बहुतेक वेळा खिळ्याने जात नाही, धारदार दगडाने बाजूला चीर पडून जातो, आणि त्या चिरेवर रस्त्यात काहीही उपाय चालत नाही. पंक्चर काढायच्या किटमधली रबरी दोरी फक्त जमिनीला टेकणाऱ्या जाड भागात काम करते. बाजूच्या भिंतीत ती घुसवली तर हवा भरताच बाहेर येते. म्हणून हलक्या ट्रकचे, 'ई' लोड रेंजचे म्हणजे दहा प्लाय रेटिंगचे, जाड आणि मजबूत टायर असतील तर उत्तम. ते नसतील तर निदान नक्षी खोल असलेले आणि फार जुने न झालेले टायर हवेत. स्टेपनी पूर्ण आकाराचीच हवी. गाडीबरोबर मिळणारं बारीक तात्पुरतं चाक या रस्त्यावर पंचवीस किलोमीटरही धड टिकणार नाही. जागा असेल तर दोन स्टेपन्या न्याव्यात. एक बदलली की तिथून परत फिरायचं, हा नियम स्वतःपुरता आधीच ठरवून ठेवावा, कारण सरोवर चाळीस किलोमीटरवर असताना तो ठरवणं फार कठीण जातं.

जॅकखाली ठेवायला फूटभर लांब-रुंद जाड फळी लागते. ती नसली तर जॅक खडीत रुततो आणि गाडी उचलण्याऐवजी स्वतःच खाली जातो. गाडीबरोबर आलेला पाना आखूड असतो, त्याच्याऐवजी लांब दांड्याचा घ्यावा. बारा व्होल्टवर चालणारा हवेचा पंप आणि हवा मोजायचं साधं मीटर हवं. खडी लागल्यावर टायरमधली हवा पंधरा-वीस टक्क्यांनी कमी केली तर टायर दगडावर दबून जातो, चिरत नाही आणि अंगाला बसणारे हादरेही कमी होतात. त्याहून जास्त हवा काढू नये. फार मऊ टायर गरम होतो आणि खड्ड्यात रिम वाकते. हवा कमी केली की वेगही कमी ठेवायचा, आणि डांबरावर परत आलं की पहिलं काम हवा भरण्याचं.

थांबाल तेव्हा प्रत्येक वेळी चारही टायरना हात लावून पाहावं. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला तर त्यातली हवा हळूहळू जात आहे असं समजावं. नक्षीत अडकलेला टोकदार दगड त्याच वेळी स्क्रू-ड्रायव्हरने उचकून काढावा. तो तसाच राहिला तर प्रत्येक फेरीला थोडा थोडा आत जातो, आणि तीस किलोमीटरनंतर होणारं पंक्चर त्याचंच असतं. पहिल्या ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर व्हील नट आवळून घ्यावेत. बॅटरीच्या टर्मिनलचे नट, वरच्या कॅरिअरचे बोल्ट, नंबर प्लेटचे स्क्रू, सगळं या हादऱ्यांनी सैल होतं.

हादरे येतात ते वॉशबोर्डमुळे. रस्त्यावर आडव्या, सारख्या अंतराच्या लाटा पडतात, अगदी पन्हाळी पत्र्यासारख्या. कारण सोपं आहे. चाक एका उंचवट्यावरून किंचित उडतं, पडताना पुढची खडी खणतं आणि मागे ढीग करतं. पुढची गाडी त्या ढिगावरून उडते. ग्रेडर येऊन रस्ता तासून गेला तरी काही दिवसांत लाटा परत येतात. जोरात गेलं की हादरे जाणवत नाहीत असं पुष्कळ जण सांगतात आणि ते खरंही आहे. पण तेव्हा चाकं फक्त लाटांच्या माथ्याला टेकलेली असतात. वळणावर ब्रेक दाबला तर गाडी कडेला सरकते. पन्नास-साठचा वेग बहुतेक ठिकाणी पुरतो, आणि लाटा दाट असतील तिथे तीस. ७७ किलोमीटरला दोन तास धरावेत. पाऊस झाला असेल तर अडीच-तीन. चिखलमातीचे पट्टे ओले झाले की साबणासारखे होतात. रस्त्याची कड पक्की दिसली तरी पोकळ असू शकते, म्हणून समोरच्या गाडीला जागा देताना कडेला न जाता थांबून घ्यावं.

समोरून गाडी आली की वेग निम्म्यावर आणायचा. उडणारी खडी काचेवर किती जोरात बसते ते दोन्ही वेगांच्या बेरजेवर ठरतं. काचेवर टिचका उडालाच तर त्यावर लगेच पारदर्शक चिकटपट्टी लावावी, म्हणजे आत धूळ आणि ओल जात नाही आणि गावी पोचल्यावर टिचका भरायचं रेझिन नीट धरतं. थंड सकाळी त्या काचेवर हीटरचा झोत पूर्ण जोराने सोडू नये, कारण अचानक तापलं की टिचक्याची भेग होते. धुळीसाठी एक युक्ती आहे. खिडक्या बंद ठेवून पंखा बाहेरच्या हवेवर ठेवला की गाडीतला दाब किंचित वाढतो आणि मागच्या दाराच्या फटींतून धूळ आत खेचली जात नाही. समोरून गाडी जाताना तेवढं मिनिटभर आतली हवा फिरवावी. हेडलाइट दिवसाही चालू हवेत. धुळीत तेवढेच दिसतात.

पेट्रोलचं गणित जाऊन-येऊन करायचं. व्हाइटहॉर्स ते क्वाएट लेकचं दक्षिण टोक साधारण २०५ किलोमीटर, म्हणजे येणं-जाणं ४१०. इकडेतिकडे फिरायला ६० धरले तर ४७०. खडीवर गाडी जास्त पिते. शंभर किलोमीटरला १४ लिटर धरलं तर ६६ लिटर होतात. त्यावर पाव भाग राखीव ठेवायचा, म्हणजे ८२ लिटर. टाकीत ७० मावत असेल तर २० लिटरचा एक कॅन लागतोच, आणि तो गाडीच्या बाहेर, पक्का बांधलेला हवा. रॉस रिव्हरला पेट्रोल मिळतं, पण ते अमुक वाराला, अमुक वेळी मिळेलच असं गृहीत धरून पुढे जाऊ नये.

फोनची रेंज हायवे सोडल्यावर लगेच जाते. उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र न्यावंच, पण ते कोणत्या उपग्रहांवर चालतं ते पाहून. इरिडियम या कंपनीचे ६६ उपग्रह ध्रुवांवरून फिरतात, म्हणून उत्तरेला ते चांगले चालतात. विषुववृत्तावर स्थिर असलेल्या उपग्रहांवर चालणाऱ्या यंत्राला इथून दक्षिणेला क्षितिजाजवळचं आकाश मोकळं लागतं, आणि नेमकं तिथेच स्प्रूसची सूचिपर्णी झाडं किंवा डोंगर आडवे येतात. नव्या फोनमधली उपग्रहाची सोय ६२ अंश उत्तरेच्या पुढे चालेल याची खात्री खुद्द ॲपलच देत नाही. क्वाएट लेक ६१ अंशांवर आहे आणि रॉस रिव्हर जवळजवळ ६२वर. एवढ्या काठावरच्या सोयीवर जीव सोपवू नये. गावातल्या एका भरवशाच्या माणसाला गाडीचा नंबर, कॅम्पग्राउंडचं नाव, परतायचा दिवस आणि 'या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर पोलिसांना कळव' ही वेळ लिहून द्यावी. दवाखाना म्हणाल तर टेस्लिन आणि रॉस रिव्हरला आरोग्य केंद्रं आहेत. मोठं हॉस्पिटल व्हाइटहॉर्सलाच.

कधी जावं? मोठ्या सरोवरांवरचा बर्फ मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीला जातो. जूनच्या उत्तरार्धात दिवस सुमारे १९ तासांचा असतो आणि उरलेल्या वेळीही पूर्ण काळोख होत नाही. डोळ्यांवर बांधायला पट्टी नसेल तर झोपेची आबाळ होते. त्या दिवसांत डासही ऐन भरात असतात. जुलैत त्यांच्या जोडीला काळ्या माश्या येतात, त्या केसांच्या कडेला आणि कानामागे चावतात आणि चावलेलं चार दिवस सुजलेलं राहतं. ऑगस्टच्या मध्यानंतर डास ओसरतात, फायरवीडचे गुलाबी तुरे उतरून त्यांची पानं लाल व्हायला लागतात, रात्र काळी व्हायला लागते आणि आकाश निरभ्र असेल तर ध्रुवीय प्रकाश दिसतो. पण पहाटे दवाचं हिव झालेलं असतं. मला स्वतःला ऑगस्टचा शेवटचा पंधरवडा सगळ्यात चांगला वाटतो. थंडीवर कपडे घालता येतात, डासांवर घालून घालून किती घालणार.

डासांसाठी डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी आणि टोपी हवी. टोपीचा काठ जाळीला चेहऱ्यापासून लांब धरतो, नाहीतर जाळी गालाला टेकली की डास तिच्यातूनच सोंड घालतो. कपडे फिकट रंगाचे आणि दाट विणीचे असावेत. कॅनडात मोठ्यांसाठी डीट हे डास पळवणारं औषध जास्तीत जास्त ३० टक्क्यांचं मिळतं आणि ते पुरतं. मात्र ते प्लास्टिक विरघळवतं. घड्याळाची काच, चष्म्याची फ्रेम यांना तो हात लावू नये. २० टक्क्यांचं इकारिडिन हे दुसरं औषध या बाबतीत बरं.

कॅम्पग्राउंडवर पैसे भरण्याची सोय स्वतःच करायची असते, म्हणून रोख आणि सुट्टे डॉलर जवळ असावेत. जळाऊ लाकूड त्या पैशांतच मिळतं. तंबूसाठी जागा निवडताना पाण्याच्या अगदी काठाचा मोह होतो. तिथे वारा असतो, म्हणजे डास कमी, हे खरं. पण लांबट सरोवरावरून वादळ आलं की पहिला मार त्याच जागेला बसतो. झाडांच्या कडेची, पाण्याकडून थोडी मोकळी जागा मला बरी वाटते. आधी वर बघावं. वाळलेलं, तिरकं झालेलं झाड तंबूच्या टप्प्यात असेल तर जागा बदलावी. स्प्रूसची मुळं उथळ असतात आणि ओल्या जमिनीत झाड सहज उन्मळतं. खडीत खुंटी धरत नाही. दोरीचं टोक एका हातभर काठीला बांधायचं, काठी आडवी ठेवायची आणि तिच्यावर दोन-तीन मोठे दगड रचायचे. सकाळी दगड परत होते तिथे ठेवायचे.

जमीन थंड असते, आणि अंगातली ऊब वरच्यापेक्षा खालून जास्त जाते. मॅटचा आर-व्हॅल्यू, म्हणजे ऊब अडवण्याचं माप, चारच्या पुढे हवा. जुलैसाठी शून्य अंशांची आरामदायी मर्यादा असलेली स्लीपिंग बॅग चालते, ऑगस्टअखेर उणे सात बरी. स्टोव्हचं पण थंडीशी नातं आहे. ब्यूटेन शून्याच्या जरा खाली, उणे अर्ध्या अंशाला वायुरूपात यायचं थांबतं, आयसोब्यूटेन उणे १२ला आणि प्रोपेन उणे ४२ला. म्हणून पहाटे नुसत्या ब्यूटेनचा डबा भरलेला असूनही पेटत नाही. डबा घेताना त्यावरचं मिश्रण वाचावं. विमानात गॅसचा डबाही नेता येत नाही आणि अस्वलाला पळवायचा तिखट स्प्रेही, दोन्ही व्हाइटहॉर्सलाच विकत घ्यावे लागतात.

अस्वलांविषयी भीती पुष्कळ असते आणि शिस्त कमी. इथे ग्रिझली आणि काळं अशी दोन्ही अस्वलं आहेत. वास येणारी प्रत्येक वस्तू बंद गाडीत ठेवायची. त्यात टूथपेस्ट, साबण, रिकामे डबे, कुत्र्याचं खाणं आणि कूलरही आला. कूलरचं झाकण अस्वलाला काहीच नाही. तंबूत बिस्किटाचा तुकडाही नको. ज्या कपड्यांत मासा तळला ते कपडे घालून झोपू नये. कारण फक्त त्या रात्रीचं नाही. एकदा माणसाच्या अन्नाची चव लागलेलं अस्वल परत परत येतं आणि शेवटी बहुतेक वेळा गोळी घालूनच त्याला थांबवावं लागतं. आपण सोडलेल्या उष्ट्याची किंमत ते मोजतं.

स्प्रे कमरेला हवा, सॅकमध्ये नको. त्याचा पल्ला पाच ते दहा मीटर असतो आणि डबा काही सेकंदांत रिकामा होतो, म्हणून अस्वल लांब असताना उडवून उपयोग नाही. सेफ्टी काढायचा सराव आधी करून ठेवावा. समोरून वारा असेल तर तो आपल्याच डोळ्यांत येणार हे लक्षात ठेवावं. तो तंबूवर किंवा सामानावर कधीही मारू नये, त्याचा वाळलेला वास उलट अस्वलाला कुतूहलाने ओढतो. उन्हात बंद गाडीत डबा ५० अंशांच्या पुढे तापला तर फुटू शकतो. अस्वल अचानक समोर आलं तर पळायचं नाही. हळू आवाजात बोलत मागे सरायचं. पिल्लांसह असलेल्या मादीने अंगावर धाव घेऊन धरलंच तर पालथं पडून मानेमागे हात गुंफायचे. पण जे अस्वल आपल्या मागे मागे येतं, किंवा रात्री तंबूत शिरतं, त्याच्याशी मात्र हाती येईल त्याने लढायचं.

आणि तरीही, या सरोवरावर माणसाला खरा धोका अस्वलापेक्षा पाण्याचा आहे असं मी ठामपणे म्हणेन. वरून उन्हाळा असला तरी हे पाणी मे अखेरपर्यंत बर्फच होतं. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गिएसब्रेख्ट यांनी थंड पाण्यात माणसाचं काय होतं याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि तो एक-दहा-एक असा मांडला. पहिलं मिनिट श्वासाचं. पाण्यात पडताच धाप लागते, तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. त्या मिनिटात दुसरं काही करायचं नाही, फक्त श्वास आवरायचा. पुढची दहा मिनिटं हातपाय उपयोगाचे असतात. बोटं मुठी होण्याआधी जे जमेल ते त्यातच. नंतर बेशुद्ध व्हायला साधारण तास लागतो. म्हणजे माणूस गारठून मरण्याच्या कितीतरी आधी बुडतो, कारण हात चालेनासे होतात. लाइफ जॅकेट कनूत सीटखाली ठेवलेलं असेल तर त्या दहा मिनिटांत ते घालणं होत नाही. ते अंगावरच हवं, बक्कल लावलेलं. सकाळी आणि संध्याकाळी पाणी शांत असतं. दुपारी लांबीच्या दिशेने वारा सुटला की तासाभरात लाटा उभ्या राहतात. म्हणून मधून आडवं न जाता काठाकाठाने जावं, किती अंतर वाढलं याचा हिशेब न करता.

मासे धरायचे असतील तर युकॉनचा परवाना लागतो, आणि किती व केवढे ठेवता येतात ते त्या वर्षीच्या पुस्तिकेत पाहावं. बर्फ गेल्यावर थोडे दिवस लेक ट्राउट उथळ पाण्यात मिळतो. वरचं पाणी तापलं की तो खोल, साधारण दहा अंशांच्या थराकडे उतरतो. ग्रेलिंग हा दुसरा मासा ओढा सरोवराला मिळतो तिथे, वाहत्या पाण्याच्या कडेला, बारीक माशीच्या गळाला लागतो. पाठीवरचा त्याचा पर पाण्यात उघडला की निळ्या-जांभळ्या ठिपक्यांची रांग दिसते, ती मासा बाहेर काढल्यावर काही क्षणांतच फिकी पडते. लेक ट्राउट अंडी घालण्याजोगा व्हायला आठ-दहा वर्षं किंवा जास्तच लागतात. थंड, खाद्य कमी असलेल्या पाण्यात वाढ अशीच होते. म्हणून खायला मध्यम मासा ठेवावा आणि मोठा सोडून द्यावा, कारण सगळ्यात जास्त अंडी मोठ्या माद्यांकडूनच येतात. गळाची उलटी नखी पकडीने दाबून टाकावी. मासा पाण्यातच सुटतो, आणि गळ आपल्या बोटात घुसला तर तोही सरळ निघतो. सोडायच्या माशाला कोरड्या हाताने धरू नये, अंगावरचा बुळबुळीत थर निघून त्याला बुरशी लागते. साफ केलेल्या माशाची आतडी काठावर टाकायची नाहीत. आतली हवेची पिशवी टोचून ती खोल पाण्यात सोडावीत. पिशवी न फोडता टाकली तर ती तरंगत परत काठाला येतात आणि त्यामागे अस्वल.

पाणी इतकं स्वच्छ दिसतं की ओंजळीने प्यावंसं वाटतं. बीव्हर आणि इतर प्राण्यांमुळे त्यात जिआर्डिया हा पोट बिघडवणारा सूक्ष्म जीव असू शकतो. मिनिटभर खळखळून उकळलं की पुरतं. पोकळ तंतूंचा फिल्टर वापरत असाल तर एकदा भिजवल्यावर तो गोठू देऊ नये. आतले तंतू फुटतात, बाहेरून काही कळत नाही आणि त्यानंतर तो पाणी गाळतोय असं फक्त वाटत राहतं. थंडीच्या रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपावं. भांडी पाण्यापासून साठेक मीटर दूर घासावीत. असं सरोवर स्वच्छ राहतं तेच मुळी त्यात पोषकद्रव्यं अगदी कमी असल्यामुळे, आणि 'निसर्गात विरघळणारा' साबणही त्यात भरच घालतो.

शेकोटी ठरलेल्या लोखंडी कड्यातच करावी. इथली जमीन म्हणजे वर मॉस, खाली अर्धवट कुजलेल्या मुळांचा आणि पानांचा जाड थर. तो स्वतःच जळण आहे. त्याच्यावर शेकोटी केली तर विस्तव धूर न दाखवता खाली सरकतो, दिवसेंदिवस धुमसतो आणि वाऱ्याच्या दिवशी दुसरीकडे डोकं वर काढतो. मिळालेलं स्प्रूसचं लाकूड ओलसर असेल तर ते बारीक फोडून घ्यावं, गाभा कोरडाच असतो. त्यासाठी छोटी कुऱ्हाड न्यावी. उभ्या झाडाची साल किंवा हिरवी फांदी तोडू नये. निघताना किमान वीस लिटर पाणी ओतायचं, काठीने राख ढवळायची, परत ओतायचं, आणि उलट्या हाताने निखाऱ्यांना हात लावून पाहायचा. ऊब लागली तर परत ओतायचं. दगडही उलटून त्यांच्या खालची राख भिजवायची.

हा सगळा परिसर रॉस रिव्हरच्या कास्का लोकांचा आणि टेस्लिनच्या ट्लिंगिट लोकांचा पिढीजात मुलूख आहे. रस्त्यालगत दिसणारं एखादं लाकडी घर ओसाड वाटलं तरी ते कुणाचं तरी शिकारीचं किंवा सापळ्यांच्या हंगामाचं ठिकाण असतं. त्यातलं लाकूड घेऊ नये, आत मुक्काम करू नये. जुन्या लष्करी ट्रकांचे सुटे भागही उचलू नयेत.

परतीच्या सकाळी पेट्रोल, टायर आणि व्हील नट परत त्याच क्रमाने पाहावेत. माणसं परतताना जास्त वेगाने जातात, रस्ता ओळखीचा झालेला असतो म्हणून, आणि रात्रीच्या पावसाने तो बदललेला असतो. कचरा सगळा बरोबर घ्यायचा, भिजलेला असला तरी. जॉन्सन्स क्रॉसिंगला डांबर लागलं की टायरमध्ये हवा भरायची, काचा आणि दिवे पुसायचे. आणि तिथून किंवा पुढे रेंज येईल तिथून पहिला निरोप त्या माणसाला पाठवायचा, ज्याच्याकडे वेळ लिहून दिलेली आहे. तो राहिला तर इकडे आपण जेवत असताना तिकडे शोधाला हेलिकॉप्टर निघालेलं असतं.